उष्टं उत्तर

सौंसरच्या सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांच्या मागे, फळ्या ठोकून एक खोली केली होती आणि तिच्यात कॉम्प्युटर ठेवला होता. खोलीला थंड हवेचं यंत्र होतं, म्हणून खिडकी कायमची बंद. बाहेरचा वास आत येऊ नये असा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात आत आलेला वास बाहेर जायला तयार नसायचा. युरियाचा, फवारणीच्या औषधांचा, उंदरांच्या मुताचा, आणि या सगळ्यावर आमच्या साहेबांच्या चिवड्यातल्या कच्च्या कांद्याचा. साहेब चिवडा खायचे तो बटणांवरच. तेलकट बोटांनी टाईप करायचे आणि बोटं पडद्याला पुसायचे. मशीनला धूळ लागू नये म्हणून बाहेर चपला काढायला लावणारा माणूस. मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं बटणं पुसायची आणि पुसताना मला मळमळायचं.

त्यांच्याबद्दल असं लिहिताना हात अडखळतो. कारण मला त्या खोलीत आणलं त्यांनीच. मी सांगलीची. सातवीत शाळा सुटली ती आत्याच्या खानावळीत पोळ्या लाटायला माणूस हवं होतं म्हणून. पुढे बऱ्याच वर्षांनी साहेब कॉलेजात शिकत होते तेव्हा आमच्याकडे जेवायला यायचे. "ताई, आणखी एक पोळी" म्हणणारा सडपातळ मुलगा. आत्या गेली, खानावळ तिच्या दिरानं ताब्यात घेतली, आणि मी मराठी टायपिंग शिकून ठेवलेलं, तेवढंच माझ्या हातात राहिलं. एकोणीसशे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा तो काळ. पुण्याच्या कंपनीत लागलेल्या त्या मुलाला मध्य प्रदेशात एका कामासाठी मराठी टायपिंग येणारी आणि पळून न जाणारी बाई हवी होती. त्याला माझी आठवण झाली. सातवी झालेल्या तिशीतल्या बाईची आठवण कोणाला होते? म्हणून मी त्याला साहेब म्हणू लागले आणि तो मला ताई म्हणत राहिला, पण तू-तुकारा त्याचा राहिला, माझा गेला.

नागपूरपर्यंत मोठी गाडी, तिथून सौंसरला छोटी गाडी. ती इतकी सावकाश चालायची की मला वाटायचं अजूनही उतरून परत जाता येईल. गेले नाही. परत जाण्यासारखं कुठं काही नव्हतंच. पण भाड्याच्या खोलीत कपडे ट्रंकेतून बाहेर काढून कधी लावले नाहीत. रोज कामाला जाताना वाटायचं, आज साहेब म्हणतील, ताई, उद्यापासून येऊ नकोस.

काम काय होतं ते सांगते. आज कोणीही पडद्यावर बोट ठेवतं आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जातं, त्यामुळे यात काही नवल वाटणार नाही. तेव्हा होतं. पडद्यावर मराठीत एक पान यायचं, वर लिहिलेलं "संत्रा". खाली मजकूर, आणि मजकुरातले काही शब्द चौकटीत. बाणाचं बटण दाबत चौकटीतल्या शब्दावर जायचं, मोठं बटण दाबायचं, की त्या शब्दाचं पान उघडायचं. "डिंक्या" दाबलं की झाडाच्या खोडातून डिंक का गळतो त्याचं पान. त्या पानात "बोर्डो मलम" चौकटीत. तो दाबला की मलम कसं करायचं ते. साहेब याला हायपरटेक्स्ट म्हणायचे. मी मनात उड्यांची पानं म्हणायची. ती सगळी मी टाईप केली होती, काना-मात्रा तपासून, आणि मला त्यांचा अभिमान होता हे लपवत नाही.

दुसरीकडे कंपनीनं आधीच केलेला एक हिशोबाचा प्रोग्राम होता. इंग्रजीत, करड्या रंगाचा, रुक्ष. त्याला झाडाचं वय, जमीन, झाडाची जात सांगितली की तो खताची मात्रा काढून द्यायचा. पानं गोड बोलायची पण त्यांना हिशोब येत नव्हता. प्रोग्रामला हिशोब यायचा पण त्याच्याशी बोलणं शेतकऱ्याला जमण्यासारखं नव्हतं. साहेबांचं काम या दोघांची जोड लावणं. पानातल्या "खताची मात्रा" या शब्दावर दाबलं की मागे हिशोब व्हावा आणि उत्तर मराठी पानावर यावं.

"दोघं एका वेळी मशीनच्या डोक्यात मावत नाहीत ना," साहेबांनी मला समजावलं होतं. "म्हणून पान काय करतं, शेतकऱ्यानं सांगितलेलं चिठ्ठीवर लिहून ठेवतं आणि बाजूला होतं. हिशोबवाला येतो, चिठ्ठी वाचतो, उत्तर दुसऱ्या चिठ्ठीवर लिहितो, निघून जातो. मग पान परत येतं आणि उत्तराची चिठ्ठी वाचून दाखवतं."

"म्हणजे बाहेर वाढपी, आत आचारी, मध्ये खिडकी," मी म्हणाले.

साहेब हसले. "अगदी. ताई, तुला पुण्याला पाठवायला पाहिजे."

त्या दिवशी मी किती खूश होते.

जोड अर्धीमुर्धी लागली तोच सोसायटीच्या अध्यक्षांनी मुहूर्त काढला. अजून चाचणी चाललीय, असं साहेब एकदा म्हणाले, मग अध्यक्षांनी भोपाळची मंडळी लवकरच पाहणीला येणार असल्याचं सांगितलं आणि साहेब गप्प बसले. पडद्याला हळदीकुंकू लागलं. नारळ फोडला तो बटणांच्या इतका जवळ की पाणी आत गेलं आणि दोन बटणं कायमची चिकट झाली. आणि त्या नारळानं सगळं बदललं. आमच्या लेखी ती चाचणी होती. लोकांच्या लेखी पूजा झालेली वस्तू कामाला लागलेली असते. मोटारपंप असो, गाडी असो, नारळ फुटला की वापरायची, न वापरणं अशुभ. दुसऱ्या दिवसापासून दारात माणसं. रामाकोन्याची, सावरगावची, पांढुर्ण्याहून एस.टी.नं आलेली.

बटणाला कोणी हात लावायचा नाही. "तुम्हीच दाबा ना जी बाई. आमच्या बोटाले चिखल." मग मी विचारायची, मी दाबायची आणि उत्तर आलं की मोठ्यानं वाचून दाखवायची. "आपल्या बागेसाठी योग्य मात्रा" अशी त्या पानाची सुरुवात मीच केली होती. कोरडं वाटू नये म्हणून. ते वाक्य वाचलं की माणसं हात जोडायची. मशीनला की मला, कळायचं नाही.

पांढुर्ण्याचे एक निवृत्त मास्तर आले ते संक्रांतीच्या आधी. धोतर, टोपी, कोटाच्या खिशाला पेन. नोकरीभर पोरांना शिकवलं आणि आता सावरगावच्या पलीकडे थोडं वावर घेऊन संत्र्याची कलमं लावली होती. गेल्याच पावसाळ्यात लावलेली, म्हणजे गुडघ्याएवढी.

"बाई, माही सारी मास्तरकी त्या वावरात गेली," ते म्हणाले. "घरच्या म्हणते, पोरं मोठी केली तं त्यायनं विचारलं नाही, आता झाडं मोठी करून राहिले."

बाकीची माणसं हसली. मी वय विचारलं, जमीन विचारली, दाबलं. उत्तर पटकन आलं, एरवीपेक्षा लवकर. मी वाचलं: आपल्या बागेसाठी योग्य मात्रा, दर झाडाला युरिया सव्वा किलो, आणि पुढचं.

"सव्वा?" मास्तर म्हणाले. "एवढं?"

रामाकोन्याचा एक जण, ज्याला थोड्या वेळापूर्वी त्याच्या जुन्या बागेची मात्रा सांगितली होती, तो म्हणाला, "मास्तर, नारळ फुटला हाये ना तिले. आता काय गुरुजीपणा करून राहिले?"

मास्तर ओशाळून हसले आणि बसस्टँडकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाची झाडं असलेला एक म्हातारा आला. मी दाबलं, उत्तर पटकन आलं, मी वाचू लागले: दर झाडाला युरिया सव्वा किलो. आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. हेच वाक्य मी काल मास्तरांना वाचलं होतं. त्याच्याआधी रामाकोन्याच्या माणसाला. जुनी संत्री, गुडघ्याएवढी कलमं, लिंबं, सगळ्यांना एकच. म्हाताऱ्याला मी थोडं बाहेर बसायला सांगितलं आणि मशीनला विचारलं: झाडाचं वय नव्वद वर्षं. पडदा काळा झाला, एक पांढरी ओळ लुकलुकून गेली, करडा प्रोग्राम दिसलाच नाही. आणि पान आलं. आपल्या बागेसाठी योग्य मात्रा, सव्वा किलो.

मला आत्याच्या खानावळीतली एक दुपार आठवली. गर्दीत एका वाढप्यानं उठलेल्या माणसाचं ताट तसंच पुढच्यासमोर सरकवलं होतं, कडेला चावलेली मिरची, भाताची शितं, आणि त्यावरच आमटी वाढली. आत्यानं सगळी पंगत उठवली होती. तसंच हे. आतला आचारी आलाच नव्हता. खिडकीत आधीच्या माणसाचं ताट पडलेलं होतं, तेच आम्ही पुढच्याला देत होतो. मी बाहेर जाऊन गोदामाच्या मागं ओकले.

साहेब आले तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, दचकतील.

"हो, होतं असं," ते म्हणाले. चिवड्याची पुडी उघडली. "मेमरी कमी पडली की हिशोबाचा प्रोग्राम उठतच नाही. मग जुनी चिठ्ठीच वाचली जाते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ताई, जुनी चिठ्ठी आधी पुसली तर काय दिसेल? कोरं पान. अध्यक्षांसमोर कोरं पान दाखवू? जोड लागलेली दिसली पाहिजे. पाहणी होऊ दे, मग बसून करतो."

"मास्तरांची कलमं..."

"मास्तर शहाणा माणूस आहे. सव्वा किलो घालेल का गुडघ्याएवढ्या झाडाला?" बोटं पडद्याला पुसली. तेलाचा एक पट्टा "संत्रा" या शब्दावरून गेला.

या माणसाला मी गरम पोळ्या वाढल्या होत्या. त्याच्या ताटात कधी कोणाचं उष्टं गेलं नव्हतं, याची काळजी मी घेतली होती. मला त्याची इतकी किळस आली की त्याच्याकडे बघवेना, आणि त्याच वेळी भीती, की हा उद्या मला काढेल.

"मी पांढुर्ण्याला जाऊन येते," मी म्हणाले.

"कामाच्या दिवशी? ताई, पाहणी तोंडावर आलीय. गेलीस तर येताना दुसरीकडे नोकरी बघूनच ये."

ते हसत म्हणाले. ते खरं की गंमत, मला आजही सांगता येणार नाही. लिंबाच्या म्हाताऱ्याला मी सांगितलं की काही घालू नका, मशीन बिघडलंय. तो म्हणाला, "मंग नारळ काहून फोडला?" मी पहिल्या एस.टी.नं निघाले.

पांढुर्ण्याला उतरून जाम नदी ओलांडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीत दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात असं मला सांगितलं होतं. त्या दिवशी तिथे बाया कपडे धूत होत्या. मास्तरांचं वावर विचारत विचारत गेले. प्रत्येकजण आधी विचारायचा, तुम्ही कुठच्या, बोलणं आमच्याकडचं नाही.

वावर दिसलं. गुडघ्याएवढी कलमं, प्रत्येकाभोवती नीट गोल आळं, आणि प्रत्येक आळ्यात पांढरा थर. साखर पेरल्यासारखा. मास्तर आणि त्यांची बायको शेवटच्या ओळीत घमेलं घेऊन उभे. मास्तर शाळेत फळ्यावर लिहितात तसे, एका सरळ रेषेत, एकसारखं घालत आले होते.

"पाणी सोडलं का?" मी लांबूनच ओरडले.

"लाइन नाही ना," मास्तर विजेच्या तारेकडे बोट करून म्हणाले. "लाइन आली का मोटार सुरू. तुम्ही इकडं कशा बाई?"

मी आळ्यात बसले आणि हातानं युरिया उपसायला लागले. बसूनच सांगत होते. उत्तर तुमचं नव्हतं, दुसऱ्याचं होतं, मोठ्या झाडांचं. पाणी लागलं तर मुळं जळतील. काय बोलत होते मला नीट आठवत नाही. बहुतेक रडतही होते.

मास्तर तसेच उभे राहिले. त्यांच्या बायकोनं घमेलं खाली आपटलं.

"मी म्हणत होती का नाही? एवढं मीठ तं लोणच्यालेही कोणी नाही घालत."

"मलेही जास्तच वाटलं होतं," मास्तर हळू म्हणाले. "पण मराठीत लिहिलं होतं. अन् बाईनं असं चांगलं वाचून दाखवलं."

ते बोलणं माझ्या अंगावर आलं. "आपल्या बागेसाठी योग्य मात्रा." माझे काना-मात्रा, माझा आवाज.

तिघांनी उपसायला सुरुवात केली. खुरपी एकच होती, ती मास्तरांच्या बायकोकडे. आम्ही दोघं हातानं. सकाळच्या दवानं काही आळ्यांत युरिया ओलसर झाला होता, मातीला चिकटला होता, त्याला मुतारीसारखा वास सुटला होता. नखांत गेला, भेगांत गेला, हात चुरचुरायला लागले. मातीचा वरचा थर खरडून टोपल्यात, टोपलं बांधावर. मधेच मास्तरांची बायको म्हणायची, "पोटाले काही खाल्लं का?" आणि मी मान हलवायची.

मग विहिरीकडून आवाज आला. लाइन आली होती. मोटार आधीच चालू ठेवलेली, खटका वर. लाइन आली की आपोआप पाणी सुटावं म्हणून. इकडे सगळे असंच करतात, कारण लाइन कधी येईल याचा नेम नसतो. मास्तर धोतर सावरत धावले. म्हातारा माणूस, नांगरटीतून धावताना दोनदा पडले. ते खटका पाडेपर्यंत दांडातलं पाणी विहिरीकडच्या दोन ओळींत शिरून गेलं होतं. आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली होती, त्यामुळे त्या ओळींत युरिया तसाच होता. तो विरघळताना दिसला. पाणी जरा दुधाळ झालं आणि मग साफ दिसायला लागलं.

बाकीची आळी आम्ही उपसून काढली. त्या दोन ओळींची पानं पुढच्या काही दिवसांत कडेनं करपली, मग गळली. हे मला नंतर कळलं.

साहेबांनी मला काढलं नाही. परतल्यावर नुसते म्हणाले, "आलीस? बरं झालं, पानांत दोन चुका आहेत बघ." त्यांना दुसरी बाई मिळणार नव्हती. कृतज्ञ राहावं की थुंकावं, काही कळेना. मी चुका दुरुस्त केल्या.

पण त्या दिवसापासून मी एक सुरू केलं. माणूस आला की त्याला विचारायच्या आधी पानांतून बाहेर पडायचं, काळ्या पडद्यावर जायचं आणि उत्तराची जुनी चिठ्ठी पुसायची. ती कशी पुसायची ते साहेबांना बघून शिकले होते. मग परत पानांत यायचं, विचारायचं, दाबायचं. ताट धुऊन मगच वाढायचं. वेळ जायचा. माणसं म्हणायची, "बाई काय करून राहिल्या?" पुष्कळदा उत्तर यायचं. कधी कोरं पान यायचं, "योग्य मात्रा" आणि खाली काहीच नाही. तेव्हा मी सांगायची, आज नाही, उद्या या.

साहेबांनी दोनदा पाहिलं आणि काही बोलले नाहीत. पाहणीच्या आदल्या दिवशी बोलले. "ताई, उद्या हा धुणंभांड्याचा प्रकार नको. सरळ दाबायचं. आधीच्या माणसाचं उत्तर खरंच आहे ना? चुकीचं तर नाही? कोणाचं तरी आहेच ना ते?"

कोणाचं तरी आहेच. हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मला वाटतं त्यांना कधीच कळलं नाही की ते काय म्हणाले.

भोपाळची मंडळी आली. हार, नारळपाणी, संत्र्यांच्या परड्या. खोलीत मावेनात इतकी माणसं, आणि थंड हवेच्या यंत्राचा काही उपयोग होईना, घाम, अत्तर आणि युरिया. अध्यक्षांनी काही शेतकऱ्यांना लाभार्थी म्हणून बसवलं होतं. त्यांत मास्तर. कोट, टोपी, पेन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. का आले असतील, मला कळेना. अध्यक्षांनी बोलावल्यावर नाही म्हणायची इथं रीत नाही, हे एक.

भोपाळच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "आठ साल का बगीचा, काली मिट्टी. दिखाइए."

आमचे साहेब माझ्याकडे पाहून हसले. "ऑपरेटर, दाखवा."

माझे हात अजून सोललेले होते. सरळ दाबणं किती सोपं होतं. पण बोटं आपोआप बाहेर गेली, काळ्या पडद्यावर, आणि चिठ्ठी पुसून आली. मग मी वय घातलं, जमीन घातली, दाबलं. पडदा काळा. पांढरी ओळ लुकलुकली. पान आलं.

आपल्या बागेसाठी योग्य मात्रा. खाली काहीच नाही.

"उत्तर कहाँ है?" मोठे साहेब म्हणाले.

आमच्या साहेबांच्या कपाळावर घाम. अध्यक्ष माझ्याकडे असे बघत होते की माझी ट्रंक आत्ताच कोणी उचलून स्टेशनात नेऊन ठेवेल असं वाटलं. आणि तेवढ्यात मास्तर उठले.

"साहेब, मी बोलू का जी?" त्यांनी टोपी सारखी केली. "उत्तर नसलं का हे मशीन खोटं नाही सांगत. माणूस पाठवते. माह्या वावरात माणूस पाठवला होता. ह्या बाई. माही कलमं त्यायच्यामुळं वाचली. मी आभार मानायले आलो."

टाळ्या वाजल्या. मोठे साहेब खूश. आमच्या साहेबांनी धागा उचलला तो इतका पटकन की त्यांच्या चेहऱ्यावरचा घामही वाळला नव्हता. "हा आमच्या योजनेचाच भाग आहे सर. यंत्राला शंका असेल तिथे आमचा माणूस प्रत्यक्ष जातो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो हात बघत राहिले. नखांच्या कडेला चिवड्याचं पिवळं तेल होतं.

त्या क्षणी मला मास्तरांचाही राग आला. ज्यांनी बुडवलं त्यांचेच आभार? वाटलं, इकडची माणसं अशीच, कोट घालून येतात आणि हात जोडतात.

मंडळी जेवायला गेली तेव्हा मी मास्तरांना गोदामाच्या दारात गाठलं.

"दोन ओळी गेल्या ना मास्तर?"

"गेल्या."

"मग आभार कशाचे? तुम्हाला सगळं माहीत आहे."

मास्तर चपला शोधत होते. सगळ्यांच्या चपलांच्या ढिगात त्यांची एक खाली गेली होती. "तुम्ही तवा आळ्यात बसून काय म्हणत होत्या, आठवते का? तुम्ही सारखं म्हणत होत्या, माझी नोकरी गेली, माझी नोकरी गेली. युरियाचं कमी अन् नोकरीचंच जास्त." ते थोडे हसले. "मंग आता त्यायच्यासमोर मी दुसरं काय म्हणायचं होतं?"

मला थँक्यू म्हणता आलं नाही. डोळ्यांत पाणीही आलं नाही. मला फार घाण वाटली. माझी नोकरी राहावी म्हणून या माणसानं आपल्या मेलेल्या झाडांवर पाणी सोडलं होतं, हात जोडून, सगळ्यांसमोर, आणि ते गोड शब्द आमच्या साहेबांनी खिशात घातले होते. मास्तरांना चप्पल सापडली. ते म्हणाले, "घरच्यांनी सांगतलं, एक दिवस जेवायले या म्हणून," आणि स्टँडकडे गेले.

साहेबांनी जोड पक्की केली ती त्याच आठवड्यात. कोणाची कलमं जळली म्हणून नाही. मोठ्या साहेबांसमोर कोरं पान आलं होतं, ते त्यांना झोंबलं होतं. पानांचा थोडा भाग मशीनच्या डोक्यातून काढून टाकला, हिशोबाच्या प्रोग्रामला जागा केली, आणि दरवेळी जुनी चिठ्ठी आपोआप पुसायची ओळ घातली. एका बैठकीत झालं, दुपारच्या चहाच्या आधी. एवढंच होतं तर.

"झालं तुझं समाधान ताई?" ते म्हणाले आणि चिवड्याची रिकामी पुडी बटणांवर ठेवून चहाला गेले.

मी पुडी उचलली, बटणं पुसली. मग बसले आणि मशीनला विचारलं. संत्रा. कलमं. वय, पहिलं वर्ष. सावरगावची जमीन. दाबलं. पडदा काळा झाला, करडा प्रोग्राम डोळा मिटून उघडेपर्यंत दिसला, गेला, पान आलं. मी मोठ्यानं वाचलं, खोलीत कोणी नव्हतं तरी. आपल्या बागेसाठी योग्य मात्रा. दर झाडाला, थोडा थोडा, हप्त्याहप्त्यानं. एका वेळी ओंजळभरसुद्धा नाही.